लोक नाचले नाहीत ते राहू दे, मावशी काय म्हणाली?

पत्र :

अक्का,

मी अमळनेर तालुक्यातला, वय २६. पुण्यात साउंड रेकॉर्डिंग शिकून गावी परत आलो. गेल्या दिवाळीत मी आणि दोन मित्रांनी मिळून एक अल्बम काढला. सात गाणी, काही अहिराणी, काही मराठी. इंडी पॉप म्हणतात तसं, पण प्रायोगिक. कापसाच्या जिनिंगमधली यंत्रं, बोअरची मोटार, सिंथ (कीबोर्डवरचे इलेक्ट्रॉनिक सूर), संबळ असं सगळं त्यात आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माझी मावशी झोक्यावर गाणी म्हणत होती, ती मी मोबाइलवर गुपचूप रेकॉर्ड केली (सांगितलं असतं तर लाजली असती) आणि तुकडे करून वापरली.

मुंबईच्या एका समीक्षिकेने दहापैकी आठ गुण दिले. 'खानदेशच्या मातीतून उगवलेलं धाडस' असं म्हटलं. दुसऱ्याने चार दिले आणि लिहिलं, 'आवाजांच्या ढिगाऱ्याखाली गाणी गुदमरली आहेत, एक शब्द धड कळत नाही, स्वतःच्याच प्रेमात पडलेला अल्बम.' त्याला मी दोन पानी उत्तर लिहून ठेवलंय. गावातलं तर विचारूच नका. 'भाऊ, हाई काय शे?' इथपासून 'यावर नाचायचं कसं' इथपर्यंत. अहिराणीची थट्टा लावली म्हणून एकाने शिव्या दिल्या. आईने एक गाणं ऐकलं आणि भाकरी टाकायला उठली. मावशी हसून 'मना आवाज काबर तोडा रे?' (माझा आवाज का तोडलास रे?) एवढंच म्हणाली. सगळ्यात जास्त ऐकलं गेलेलं गाणंही साडेचारशेच्या पुढे सरकत नाही. मित्र म्हणतो, डीजे रीमिक्स काढू, हळदीला वाजेल. मला वाटतं, बहिणाबाईंना तरी जिवंतपणी कुणी ओळखलं? पुढचा अल्बम कुणासाठी करू, समीक्षकांसाठी की लोकांसाठी? आणि उत्तर पाठवू का?

— गोंधळलेला

उत्तर :

भाऊ,

अल्बमचं नाव इथे छापत नाही, नाहीतर निनावी पत्राला काय अर्थ राहिला? पण मी तो ऐकला. हेडफोन लावून ऐकला, आणि मग मुद्दाम मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकला, कारण तुझ्या गावात ज्यांनी ऐकला त्यांतल्या बहुतेकांनी तसाच ऐकला असणार.

उत्तर पाठवू नकोस. ते दोन पानी लिखाण तू सोबत जोडलंस, मी वाचलं. चांगलं लिहितोस, पण त्यातली निम्मी वाक्यं 'त्यांना काय कळणार' या चालीवरची आहेत. गंमत अशी की दोघांपैकी तुझा अल्बम शेवटपर्यंत ऐकलाय तो चार गुणवाल्याने. सहाव्या गाण्यात ठेका मध्येच सात मात्रांचा होतो हे त्याने टिपलंय. चौथ्या गाण्यातलं यंत्र दोनदा तेच येतं आणि दुसऱ्यांदा त्याची गरज नव्हती, हेही त्याने लिहिलंय, आणि ते मला पटलं. आठ गुणवालीचं परीक्षण चार परिच्छेदांचं आहे. पहिले तीन ऊन, कापूस, केळी आणि मातीचा गंध यांत जातात. चौथ्यात तुझ्या दोन गाण्यांची नावं येतात, त्यातलं एक चुकीचं. तिने गुण तुझ्या अल्बमला दिलेले नाहीत, तुझ्या पत्त्याला दिलेत. तू आनंदात होतास म्हणून हे तुझ्या नजरेतून सुटलं असावं.

आकड्यांचं सांगते. २००० साली रेडिओहेड या इंग्लिश बँडचा 'किड ए' हा अल्बम आला. गिटारवर गाजलेल्या बँडने गिटार बाजूला ठेवून यंत्रांचे, तुटक आवाजांचे थर रचले होते. पिचफोर्क या अमेरिकी संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळाने त्याला दहापैकी दहा दिले. लंडनच्या मेलडी मेकर या साप्ताहिकाने पाचपैकी दीड. अल्बम तोच, आठवडेही जवळपास तेच. याच पिचफोर्कने २००३ मध्ये लिझ फेअर या गायिकेच्या अल्बमला दहापैकी शून्य दिलं होतं. ती खडबडीत, घरगुती रेकॉर्डिंगची बाई गुळगुळीत पॉपकडे वळली, हा तिचा गुन्हा. २०१९ मध्ये ते परीक्षण लिहिणाऱ्याने तिची जाहीर माफी मागितली आणि २०२१ मध्ये पिचफोर्कने काही जुन्या अल्बमांचे गुण फिरवले, त्यात तिचे शून्याचे सहा झाले. मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर तर अशा सगळ्या आकड्यांची सरासरी काढतात. दहा आणि शून्य यांची सरासरी पाच येते, आणि 'बरा आहे' असं प्रत्यक्षात कुणीच म्हटलेलं नसतं. तुझ्या आठ आणि चारची सरासरी सहा येते. त्या सहाचं तू काय करणार?

पण यावरून समीक्षक बिनकामाचे असं म्हणायची सोय तुला होत नाही. परीक्षणातला आकडा खोडून टाक आणि राहिलेलं वाच. ज्या वाक्यात गाण्याचा क्रमांक, मिनिट, वाद्य, शब्द यांतलं काही आहे ते वाक्य ठेव. 'धाडस' आणि 'स्वतःच्या प्रेमात' ही दोन्ही सोडून दे. एक स्तुती आहे आणि एक शिवी, पण दोन्हींतून गाण्याबद्दल काहीच कळत नाही.

आता गावाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तू गाववाल्यांवर एका ओळीत निकाल देऊन मोकळा झालास.

अहिराणी गाणं म्हटलं की आज आपल्याकडे माणसाच्या डोळ्यांसमोर काय येतं? हळदीची रात्र, मांडव, गाडीवर रचलेले स्पीकर, जनरेटरची धडधड, आणि म्हाताऱ्या आत्यालाही हात वर करायला लावणारा ठेका. तू मोबाइलवर 'आमचं अहिराणी गाणं आलं' असं पाठवलंस. माणसाने ते मोठ्या हौसेने लावलं आणि त्याच्या पुढ्यात आली नऊ मिनिटांची मोटार. 'यावर नाचायचं कसं' हा त्याचा प्रश्न अगदी रास्त आहे. तो तुझ्या संगीतावर बोलतच नाहीये. त्याला बोलावलं एका प्रसंगाला आणि दाखवला दुसराच, एवढीच त्याची तक्रार. जगात हे खूपदा झालंय. एमजीएमटी हा अमेरिकी बँड २००७ च्या पहिल्या अल्बममधल्या नाचऱ्या गाण्यांवर मोठा झाला. २०१० मध्ये त्यांनी 'काँग्रॅच्युलेशन्स' काढला. त्यात जुन्यासारखं पटकन ओठांवर बसणारं फारसं काही नव्हतं आणि एक गाणं बारा मिनिटांहून मोठं होतं. अमेरिकेच्या यादीत तो थेट दुसऱ्या क्रमांकावर आला, म्हणजे लोकांनी घेतला भरपूर. आणि घेणाऱ्यांतलेच कितीतरी म्हणाले, आमची ती गाणी कुठे गेली? त्यांना पहिल्या अल्बमचा दुसरा भाग हवा होता. तुझा तर पहिला भागही नव्हता. तुझ्याआधी वाजून गेलेल्या सगळ्या हळदींची अपेक्षा तुझ्या वाट्याला आली.

यावर उपाय सोपा आहे. पाठवताना सांगायचं, 'बसून ऐकायचं आहे, रात्री ऐक.' एवढं सांगितलं असतंस तर निम्म्या शिव्या वाचल्या असत्या. हे काही लोकांपुढे झुकणं नव्हे.

त्या मोटारीचंही बोलायला हवं. पहिल्या गाण्यात स्टार्टर पडतो, मोटार घरघरते, पाइपातून आधी हवा येते, मग फसफस करत पाणी, आणि या सगळ्यानंतर साधारण पन्नास सेकंदांनी पहिला सूर लागतो. मुंबईच्या बाईंना त्यात 'औद्योगिक पोत' ऐकू आला. तुझ्या शेजारच्या शेतकऱ्याला काय ऐकू आलं असेल? रात्रीची लाइट. आठवडाभर रात्री शेतीची थ्री-फेज वीज असते तेव्हा बॅटरी घेऊन, चिखल तुडवत, साप-विंचू बघत बांधावर जाऊन तो जो स्टार्टर पाडतो, तोच आवाज तू त्याला करमणूक म्हणून दिलास. मोडलेली झोप आहे ती त्याची. तू हा विचार केला होतास का? केला असशील आणि तरीही ठेवला असशील, तर तुझ्या अल्बममधली ती एक ताकदीची जागा आहे आणि पुढचं गाणं त्या मोडलेल्या झोपेबद्दल असायला हवं होतं. पण पुढचे शब्द आहेत शहरातल्या भाड्याच्या खोलीबद्दल. म्हणून मला शंका येते की तुला मोटारीचा नुसता नाद आवडला. आवडू दे, पण मग ऐकणाऱ्याच्या मनात त्या नादाला आधीपासून काय चिकटलेलं आहे, हे माहीत असावं.

तुझ्या साडेचारशेचंही गणित इथेच आहे. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं तरच ते एकदा ऐकलं असं मोजतात. तुझ्या गाण्यात तिसाव्या सेकंदाला अजून पाणीसुद्धा आलेलं नसतं. लोक तिथून उठून जातात आणि त्यांची कुठे नोंदही होत नाही. शिवाय २०२४ पासून वर्षभरात हजाराच्या आत राहिलेल्या गाण्याला तिथून पैसे मिळत नाहीत, तेव्हा पैशांची वाट बघत असशील तर तेही सोड. सूर आधी आणि मोटार नंतर, असा उलटा क्रम एकदा करून बघ. पटला नाही तर पुन्हा मोटार पुढे आण.

नावांचं थोडक्यात. 'बॉन इव्हेर' या अमेरिकी बँडने २०१६ मध्ये '२२, अ मिलियन' काढला तेव्हा गाण्यांच्या नावांत आकडे आणि चिन्हं होती, आणि आवडलेल्या गाण्याचं नाव उच्चारायचं कसं यावरून लोकांची तारांबळ उडाली. तुझ्या तिसऱ्या गाण्याचं नाव '७/१२' आहे, ते झकास. तलाठ्याकडे हेलपाटे घातलेला कुणीही ते विसरणार नाही. पण दुसऱ्या गाण्याचं नाव नुसता स्वल्पविराम? मित्राला सांगायचं कसं, 'तो स्वल्पविराम लाव रे'? हा हट्ट तुझा तुला लखलाभ, फक्त ते गाणं कुणी मागत नाही म्हणून रडू नकोस.

थट्टा लावली म्हणणाऱ्यावर चिडू नकोस. अहिराणी बोलतो म्हणून शाळेत हसं झालेली एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे. पुढे मोबाइल आले आणि अहिराणी सगळीकडे पोचली, ती मुख्यतः विनोदातून. अशा माणसाने आपली भाषा ऑटोट्यूनमध्ये, म्हणजे सूर बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वाकडीतिकडी झालेली ऐकली, तर कुणीतरी पुन्हा नक्कल करतंय असंच त्याला वाटणार. तुझ्या मनात तसं नव्हतं हे मला कळतं, पण त्याला ते कळायला अल्बममध्ये काही आधार आहे का? शब्द ऐकू आले असते तर कळलं असतं. ते येत नाहीत.

आणि आता मावशी.

सगळ्या पत्रात तिला तू एक ओळ दिलीस आणि लगेच साडेचारशेच्या रडगाण्याकडे वळलास. 'मना आवाज काबर तोडा रे?' हसून म्हणाली, एवढंच. भाऊ, तुला मिळालेली सगळ्यात नेमकी समीक्षा ही आहे. चार गुणवाला म्हणतो, एक शब्द धड कळत नाही. मावशी म्हणते, आवाज तोडला. एक जण इंग्रजी संगीत कोळून प्यालेला, दुसरी झोक्यावर गाणारी. या दोघांची कधी गाठ पडायची नाही, आणि दोघांनी बोट ठेवलंय एकाच जागी. अशा ठिकाणी वाद घालायचा नसतो, फाइल उघडायची असते.

मी पाचवं गाणं पुन्हा लावलं. मावशी श्वास घेते, तो श्वास छान ठेवलायस. मग ओळ सुरू होते. सासरी असलेली लेक वाट बघतेय, तिला माहेरी आणायला भाऊ मुऱ्हाळी होऊन निघालाय, गाडी जुंपलीय, गाडी नदीपर्यंत आलीय, आणि तिथे तू कापलंस. पुन्हा गाडी जुंपली. पुन्हा नदी. पुन्हा कापलं. असं बराच वेळ चालतं आणि त्यावर सिंथ चढत जातो. आखाजीच्या गाण्यात लेक माहेरी येते. त्यासाठीच तर ते गाणं असतं. झोक्यावरच्या बायका ते म्हणतात तेव्हा त्या स्वतः माहेरी आलेल्या असतात. तुझ्या गाण्यात मुऱ्हाळी कधी पोचतच नाही. मावशीने तोडल्याची तक्रार केली ती याची असेल, असं मला वाटतं. नुसता आवाज चिरफाळला एवढ्यावर ती बोलली नसती. लाउडस्पीकरवर फाटलेला आवाज ती जन्मभर ऐकत आलीय.

हे मुद्दाम केलंस का? केलं असशील तर अख्ख्या अल्बममधली सगळ्यात मोठी कल्पना ही आहे. न पोचणारा भाऊ. त्याच्यावर एक रेकॉर्ड उभी राहू शकते. पण मग ते ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि त्यासाठी 'नदी' हा शब्द ऐकू आला पाहिजे. शब्द कळतो तो मुख्यतः व्यंजनांवरून, आणि व्यंजनांचा ठसा साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात उमटतो. नेमका तोच पट्टा तुझ्या सिंथने आणि जिनिंगच्या खरखरीने भरून टाकलाय, वर रीव्हर्ब, म्हणजे आवाजामागची गुंज, लांबवलाय. हेडफोनमध्ये निदान अंदाज येतो. मोबाइलच्या स्पीकरवर खालचा घुमारा गळून जातो आणि नुसती खरखर उरते, तिच्यात मावशी हरवते. तू शिकून आलायस, तुला हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. मावशी गाते तेवढ्यापुरता सिंथचा तो पट्टा खाली घे. दुपारभराचं काम आहे.

आणि मुद्दाम केलेलं नसेल, कापायला सोयीची जागा मिळाली म्हणून कापलं असेल, तर तिचं म्हणणं जसंच्या तसं खरं आहे. तोडलंस.

आता जे मला खरोखर खटकलं ते. अल्बमच्या श्रेयनामावलीत तुम्हा तिघांची नावं आहेत, मास्टरिंग करणाऱ्याचं आहे, मुखपृष्ठावरचा फोटो काढणाऱ्याचं आहे. मावशीच्या जागी लिहिलंय 'स्थानिक लोकसंगीताचे नमुने'. नमुने! तिला नाव नाही का?

तू बहिणाबाईंचा दाखला दिलास, म्हणून त्याच दाखल्यावर बोलू. आसोद्याची ही लेक, १८८० ते १९५१, अक्षरओळख नाही, लेवा बोलीत ओव्या रचायची. जात्यावर आणि शेतात ज्यांनी त्या ऐकल्या त्यांना त्या त्याच क्षणी कळल्या. न कळणारं त्यात काही नव्हतंच. त्या जगापुढे आल्या नव्हत्या, इतकंच. मुलाने, सोपानदेवांनी, त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या तेव्हा अत्र्यांनाही ते सोनं ओळखायला वेळ लागला नाही, आणि १९५२ मध्ये पुस्तक निघालं. तेव्हा 'लोकांना कळत नाही' या दुःखाला बहिणाबाईंचा आधार घेता येणार नाही. घ्यायचंच असेल तर त्या गोष्टीतलं दुसरं काहीतरी घे. पुस्तकाचं नाव बघ. 'बहिणाबाईंची गाणी'. मुलगा स्वतः कवी होता, उतरवून घेणारे हात घरातलेच होते, पण नाव गाणारीचं लागलं.

हे नुसत्या चांगुलपणाचं बोलत नाही मी. गाणं लोकगीत असेल, कुणा एकाचं नसेल, पण ते गायलेला आवाज गाणारीचा असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा स्वतंत्र हक्क मानलेला आहे, तो पन्नास वर्षं चालतो, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपलं नाव लावलं जावं असं म्हणायचा हक्कही त्याला मिळाला. विचारल्याशिवाय रेकॉर्ड करणं आणि ते विकायला ठेवणं यात हा हक्क मोडतो. मावशी काही कोर्टात जाणार नाही हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून तर जास्त जपायचं.

बाहेरही हे घडून गेलंय. १९९२ मध्ये डीप फॉरेस्ट या फ्रेंच जोडीचं एक अंगाईगीत जगभर गाजलं. त्यातला आवाज होता सॉलोमन बेटांवरच्या अफुनाक्वा नावाच्या बाईचा, ह्यूगो झेंप या अभ्यासकाने १९७० च्या सुमारास तिच्या गावात जाऊन रेकॉर्ड केलेला. आपलं रेकॉर्डिंग असं वापरलं गेल्याबद्दल झेंपने पुढे जाहीर आक्षेप घेतला. तोवर ते गाणं जाहिरातींतसुद्धा वाजून गेलं होतं. ती जोडी दूर देशातली, तिला त्या बाईच्या घराचा रस्ताही माहीत नव्हता असं म्हणता येईल. तुझी मावशी कुठे राहते?

म्हणून 'समीक्षकांसाठी की लोकांसाठी' हा प्रश्न मला आत्ता तरी ऐकायचा नाही. समीक्षक म्हणून तुझ्याकडे दोघं आहेत, त्यातल्या एकीने नीट ऐकलेलं नाही. लोक म्हणून तुझ्याकडे गल्ली आहे, तिने तीस सेकंद ऐकलंय. सगळं ऐकून, स्वतःचा आवाज त्यात ओळखून, नेमकं बोललेली एकच व्यक्ती आहे, आणि तिला तू अजून काही विचारलेलंही नाहीस. तिच्याकडे जा. हेडफोन घेऊन जा, मोबाइलचा स्पीकर नको. आधी तिने गायलेलं न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग लाव, तुझ्याकडे असेलच. मग पाचवं गाणं लाव. मध्ये बोलू नकोस. प्रयोग म्हणजे काय, सिंथ म्हणजे काय, हे समजावत बसू नकोस. कुठे तोडलं असं तिला वाटतं ते बोटाने दाखवायला सांग आणि त्या मिनिटाची नोंद कर. ती 'चांगलं शे भाऊ' म्हणून विषय टाळेल. बाया टाळतात. लगेच उठू नकोस, चहा होईपर्यंत बस.

मग विचार, हे असं ठेवू का. नाही म्हणाली तर गाणं काढ. होय, आठ गुणांचं असलं तरी काढ. हो म्हणाली तर नाव कसं लावायचं ते तिलाच विचार, माहेरचं की सासरचं, आणि वितरकाकडून श्रेयनामावली दुरुस्त करून घे. प्रकाशनानंतरही ती दुरुस्त होते. तिघांत पैसे वाटायचं काही ठरलं असेल तर चौथा वाटा तिचा धर. तो सध्या शून्य रुपयांचा असेल, तरी आत्ताच लिहून ठेव. पुढे आकडा आला की माणसांच्या आठवणी बदलतात.

लोकांना पुन्हा पुन्हा ऐकवलं की आवडू लागेल, असं तू त्या दोन पानांत लिहिलंयस. ते अर्धं खरं आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार समोर आली तरी ती बरी वाटायला लागते. पण पहिल्याच भेटीत जी नकोशी झाली ती वारंवार आणली तर चीड वाढू शकते, हेही पुढच्या अभ्यासांत दिसलंय. तेव्हा गावच्या ग्रुपवर रोज सकाळी लिंक टाकणं थांबव.

आईचं मनावर घेऊ नकोस. संध्याकाळी चूल पेटायच्या वेळी कुणी अल्बम ऐकवतं का?

राहता राहिला मित्राचा रीमिक्स. काढा की. हळदीला वाजणं कमीपणाचं आहे असं तुला वाटत असेल तर तो शहाणपणा पुण्यातच ठेवून यायचा होतास. सातव्या गाण्यात संबळ आधीच आहे, ठेका थोडा वाढवला तर मांडव उठेल. फक्त गावाची समजूत काढायला म्हणून काढू नका, तिघांना मजा येत असेल तरच काढा. आणि मित्राला आजच सांगून ठेव, मावशीचं काय ते ठरेपर्यंत पाचव्या गाण्याला हात लावायचा नाही.

— अक्का